इगतपुरीच्या वर्गातील भूतकाळ

इगतपुरी म्हटले की पावसाळी धुके, थळ घाट आणि कसाऱ्याहून वर चढणाऱ्या गाड्यांना मागून रेटणारी जादा इंजिने डोळ्यांसमोर येतात. देशोदेशींच्या साधकांना मात्र हे गाव ओळखीचे आहे ते धम्मगिरीमुळे. म्यानमारमधील मंडाले येथे जन्मलेले सत्यनारायण गोएंका (१९२४–२०१३) हे सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे विपश्यना शिकले आणि १९६९ साली भारतात आले. त्यांच्या प्रेरणेने उभे राहिलेले धम्मगिरी केंद्र १९७६ पासून साधकांसाठी खुले झाले. तेथील दहा दिवसांच्या मौन शिबिरांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. त्याच परिसरात आकाराला आलेल्या दुसऱ्या एका कामाची चर्चा मात्र क्वचितच होते. ते काम म्हणजे प्रौढ माणसांना पाली भाषा शिकवण्याचे.

१९८५ साली स्थापन झालेल्या विपश्यना विशोधन विन्यास या संस्थेने तिपिटक आणि त्यावरील अट्ठकथा देवनागरीत १४० खंडांत प्रसिद्ध केल्या. त्याबरोबरच ज्यांनी विपश्यनेची काही शिबिरे पूर्ण केली आहेत अशा साधकांसाठी संस्थेने निवासी पाली अभ्यासक्रम सुरू केले. हे वर्ग हिंदी आणि इंग्रजी अशा दोन माध्यमांतून चालवले गेले, आणि पुढे गोराई येथील ग्लोबल विपश्यना पॅगोडाच्या परिसरातही भरू लागले. या वर्गांत येणाऱ्या माणसाचे वय शाळा-महाविद्यालयाचे नसते. त्याला परीक्षा देऊन नोकरी मिळवायची नसते, पालीत कोणाशी गप्पाही मारायच्या नसतात. शिबिरात कानावर पडलेल्या वचनांचा अर्थ त्याला दुसऱ्याच्या भाषांतरावर विसंबून न राहता, स्वतःच्या डोळ्यांनी वाचायचा असतो.

अशा विद्यार्थ्याची, विशेषतः इंग्रजी मातृभाषा असलेल्याची, खरी कसोटी लागते ती भूतकाळापाशी. तिपिटकातील बहुतांश मजकूर घडून गेलेल्या गोष्टींविषयी आहे. कोणीतरी कोठेतरी राहत होते, कोणी त्यांच्याकडे गेले, नमस्कार करून एका बाजूला बसले, प्रश्न विचारला, उत्तर ऐकले आणि संतुष्ट होऊन परतले, असा या संवादांचा साचा असतो. त्यामुळे भूतकाळ कळल्याखेरीज त्यातले एक पानही धड वाचता येत नाही.

स्पॅनिशच्या वर्गातून मिळालेले धडे

प्रौढ माणूस परभाषेतील भूतकाळ कसा शिकतो, हा प्रश्न पालीच्या संदर्भात फारसा तपासला गेलेला नाही. स्पॅनिशच्या बाबतीत मात्र तो चार दशके बारकाईने अभ्यासला गेला आहे, कारण अमेरिकेतील विद्यापीठांत स्पॅनिश शिकणाऱ्या इंग्रजीभाषकांची संख्या फार मोठी आहे. इगतपुरीच्या वर्गातील अडचण समजून घ्यायची, तर आधी त्या वर्गात डोकावणे उपयोगाचे ठरते.

स्पॅनिशमध्ये साध्या भूतकाळाची दोन रूपे आहेत. एक घडून पूर्ण झालेल्या घटनेसाठी, त्याला 'प्रेतेरितो' म्हणतात. दुसरे चालू असलेल्या स्थितीसाठी किंवा जुन्या सवयीसाठी, ते 'इम्पेर्फेक्तो'. 'काल मी आजोळी गेलो' यातील 'गेलो'साठी 'फुई' असे रूप येते, तर 'लहानपणी मी दर उन्हाळ्यात आजोळी जायचो' यातील 'जायचो'साठी 'इबा'. इंग्रजीत या दोन्ही ठिकाणी 'वेंट' हे एकच रूप चालते. त्यामुळे आपण दोन वेगळ्या गोष्टी सांगत आहोत याची जाणीवच इंग्रजीभाषकाला होत नाही. प्रत्यय पाठ करणे हे त्याचे दुय्यम काम असते. आधी त्याला एका भूतकाळाचे मनातल्या मनात दोन भाग करायला शिकावे लागते.

मराठी माणसाला ही वाटणी जन्मजात मिळालेली असते. 'गेलो' आणि 'जायचो', 'खाल्ले' आणि 'खात असे' यांत आपण कधी गल्लत करत नाही. 'साबेर' या स्पॅनिश क्रियापदाचे उदाहरण आणखी बोलके आहे. त्याचे 'साबिया' हे रूप 'मला माहीत होते' असे सांगते, तर 'सुपे' हे रूप 'मला कळले' असे. इंग्रजीभाषक विद्यार्थ्याला हा फरक नियम म्हणून घोकावा लागतो. मराठीत त्यासाठी दोन वेगळी क्रियापदे तयार आहेत. तरीही मराठी विद्यार्थी सगळीकडे निर्धास्त राहू शकत नाही. 'एरा' आणि 'फुए' या दोन्हींसाठी त्याच्याकडे 'होता' हा एकच शब्द आहे. तेथे त्याची अवस्था इंग्रजीभाषकासारखीच होते.

या विषयातील संशोधनाला १९८० च्या दशकात रॉजर अँडरसन या भाषावैज्ञानिकाने दिशा दिली. प्वेर्तो रिकोमध्ये भोवतालच्या लोकांकडून स्पॅनिश उचलणाऱ्या इंग्रजीभाषक मुलांचे बोलणे त्यांनी तपासले. झेनो व्हेंडलर या तत्त्वज्ञाने १९५७ साली क्रियापदांची त्यांच्या अर्थानुसार चार वर्गांत विभागणी केली होती: स्थिती, चालू क्रिया, शेवट असलेली क्रिया आणि क्षणात घडणारी घटना. अँडरसन यांना असे दिसले, की मुले पूर्ण भूतकाळ आधी 'सापडणे', 'फुटणे' यांसारख्या क्षणिक घटनांच्या क्रियापदांना लावतात आणि अपूर्ण भूतकाळ 'असणे', 'माहीत असणे' यांसारख्या स्थितिवाचक क्रियापदांना. म्हणजे प्रत्यय काळ दाखवण्याआधी क्रियापदाच्या स्वभावाला चिकटतो.

वर्गात शिकणाऱ्या प्रौढांचे चित्र थोडे निराळे निघाले. राफाएल सालाबेरी यांनी १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नवशिके विद्यार्थी क्रियापद कोणतेही असो, सरसकट पूर्ण भूतकाळच वापरताना आढळले. क्रियापदाच्या अर्थानुसार निवड करणे त्यांना पुढच्या पायरीवर जमू लागते. याचे कारण समजण्यासारखे आहे. प्रौढ माणूस आपल्या भाषेतील एका रूपासमोर परभाषेतील एक रूप ठेवतो आणि ते सगळीकडे चालवू पाहतो.

आणखी एक निरीक्षण शिक्षकांच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. वाक्यात 'काल' हा शब्द असला, की विद्यार्थी क्रियापदाच्या प्रत्ययाकडे पाहतच नाही. अर्थ 'काल'मधूनच कळलेला असतो. बिल व्हॅनपॅटन यांनी या प्रवृत्तीवर उपाय म्हणून वेगळ्या धाटणीचे पाठ सुचवले. त्यांत वाक्यातील कालवाचक शब्द काढून टाकलेले असतात आणि केवळ प्रत्यय पाहून किंवा ऐकून गोष्ट आजची की कालची हे ओळखायचे असते. तेरेसा कादिएर्नो यांनी १९९५ साली हे पाठ स्पॅनिशच्या भूतकाळावर वापरून पाहिले. नेहमीच्या पद्धतीने प्रत्यय घोकून वाक्ये तयार करणारे विद्यार्थी फक्त वाक्ये तयार करण्यात सुधारले. प्रत्यय ओळखण्याचा सराव केलेल्यांची मात्र समजही सुधारली आणि वाक्यरचनाही. ज्याला पाली केवळ वाचायची आहे, त्याच्यासाठी या निष्कर्षाचे मोल अधिक आहे.

पालीचे दोन भूतकाळ

पालीतील अडचण स्पॅनिशहून वेगळी आहे. पालीच्या जुन्या व्याकरणकारांनी भूतकाळाचे तीन प्रकार सांगितले. आजच्या घटनेसाठी 'अज्जतनी', कालच्या घटनेसाठी 'हिय्यत्तनी' आणि आपण न पाहिलेल्या गोष्टीसाठी 'परोक्खा'. ही विभागणी संस्कृत व्याकरणाच्या वळणाची आहे. प्रत्यक्ष भाषेत मात्र 'परोक्खा' प्रकारातली 'आह' यांसारखी मोजकी रूपे उरली आणि उरलेले दोन प्रकार एकमेकांत मिसळून गेले. त्यामुळे आज शिकवला जाणारा क्रियापदाचा भूतकाळ एकच, तो अज्जतनी. नाव 'आजचा' असले तरी हजार वर्षांपूर्वीच्या गोष्टीलाही तोच वापरला जातो.

या भूतकाळाची रूपे सुरुवातीला धाकात ठेवतात. 'पचति' म्हणजे शिजवतो. त्याचे भूतकाळी रूप 'अपचि' किंवा नुसते 'पचि', अनेकवचनी 'पचिंसु'. येथवर सोपे असते. पण सर्वांत जास्त वापरली जाणारी क्रियापदे वाट सोडून चालतात. 'गच्छति'चे 'अगमासि', 'करोति'चे 'अकासि', 'सुणाति'चे 'अस्सोसि', 'होति'चे 'अहोसि', 'पस्सति'चे 'अद्दस'. सुरुवातीचा 'अ' हे भूतकाळाचे चिन्ह आहे. पण संस्कृतात तो आवश्यक असतो तसा पालीत नसतो. शिवाय शिबिरातून आलेल्या साधकाचा कान 'अनिच्च', 'अनत्ता' अशा शब्दांना सरावलेला असतो. तेथे 'अ' नकार दाखवतो. 'अकासि' पाहताच 'केले नाही' असा अर्थ मनात येणे त्यामुळे शक्य असते. पालीत क्रियापदाचा नकार 'न' या वेगळ्या शब्दाने होतो, हे ठसेपर्यंत काही काळ जातो.

दुसरा भूतकाळ क्रियापदाचा नाही. तो धातुसाधित विशेषणाचा आहे. 'गत' म्हणजे गेलेला, 'कत' म्हणजे केलेला, 'सुत' म्हणजे ऐकलेला, 'दिट्ठ' म्हणजे पाहिलेला, 'भुत्त' म्हणजे खाल्लेला. ही विशेषणेच वाक्यात क्रियापदाचे काम करतात. 'कस्सको खेत्तं अगमासि' आणि 'कस्सको खेत्तं गतो' या दोन्ही वाक्यांचा अर्थ 'शेतकरी शेतात गेला' असाच होतो. फरक असा, की कर्ता स्त्री असेल तर 'अगमासि' जसेच्या तसे राहते, 'गतो'चे मात्र 'गता' होते.

इंग्रजीभाषकाचा पाय खरा घसरतो तो यापुढे. क्रियापद सकर्मक असले की कर्ता तृतीया विभक्तीत जातो आणि धातुसाधित कर्माप्रमाणे बदलते. 'मया ओदनो भुत्तो', 'मया माला कता', 'मया फलं खादितं'. इंग्रजी डोळ्यांना ही वाक्ये 'माझ्याकडून भात खाल्ला गेला' अशी दिसतात. इंग्रजीत अशी रचना सरकारी खलित्यात किंवा जबाबदारी झटकताना शोभते, साध्या बोलण्यात नाही. त्यामुळे विद्यार्थ्याला एक तर सगळी पाली कृत्रिम वाटू लागते, किंवा तो 'मया'कडे दुर्लक्ष करून 'ओदनो' यालाच कर्ता समजतो, कारण प्रथमा विभक्तीत तोच असतो. मग भात माणसाला खातो!

मराठीतली जुनी ओळख

हीच तीन वाक्ये मराठीत ठेवून पाहावीत. मी भात खाल्ला. मी माळ केली. मी फळ खाल्ले. भात पुल्लिंगी, माळ स्त्रीलिंगी, फळ नपुंसकलिंगी. आणि क्रियापद प्रत्येक वेळी कर्मामागे चालते. पालीतील 'भुत्तो', 'कता', 'खादितं' यांची लिंगेही नेमकी हीच आहेत. शालेय व्याकरणात आपण याला कर्मणी प्रयोग म्हणतो आणि परीक्षा संपली की विसरतो. पण तो प्रयोग मराठीच्या रोजच्या बोलण्यात क्षणोक्षणी होतो आणि त्यात कोणालाही कृत्रिम असे काही वाटत नाही.

हा योगायोग नाही. संस्कृतातील 'गत', 'कृत' यांसारखी धातुसाधिते प्राकृतात झिजली, त्यांना 'इल्ल' हा प्रत्यय जोडला गेला आणि त्यातून मराठीचा 'ल'कारी भूतकाळ घडला, असे भाषेचे अभ्यासक मानतात. 'गेला', 'केला' यांतील 'ल' तेथून आला. म्हणजे मराठीने क्रियापदाचा जुना भूतकाळ पार टाकून दिला आणि धातुसाधितालाच क्रियापद केले. पालीत दोन्ही मार्ग शेजारी शेजारी नांदत होते. मराठीत त्यांपैकी एकच उरला. जुन्या मराठीत 'म्यां केले' असे म्हणत. त्या 'म्यां'मध्ये तृतीया उघड दिसते. आज 'मी' या एकाच रूपात कर्तरी आणि कर्मणी दोन्ही मिसळून गेल्यामुळे ती झाकली गेली आहे. 'त्याने', 'तिने' म्हटले की ती पुन्हा डोके वर काढते.

इगतपुरीहून नाशिककडे गेले, तर त्रिरश्मी लेण्यांत याचा दगडावरचा पुरावा आहे. क्षहरात आणि सातवाहन काळातील, म्हणजे सुमारे १९०० वर्षांपूर्वीच्या, तेथील शिलालेखांत लेणे करवले, दान दिले, हे सांगताना अशीच धातुसाधिते येतात. वाक्यात करवून घेतलेले लेणे पुढे असते आणि करवणारा तृतीयेत. लेण्याच्या पायथ्याशी उभा राहून एखादा पर्यटक 'हे लेणे कोणी केले?' असे विचारतो, तेव्हा तो त्याच रचनेत बोलत असतो.

धातुसाधिताचे आणखी एक वैशिष्ट्य इंग्रजीभाषकाला उशिरा उमगते. ते घटना सांगते आणि तिच्यातून उरलेली स्थितीही सांगते. 'गतो' हा 'गेला' आणि 'गेलेला' या दोहोंच्या मध्ये कोठेतरी उभा असतो. 'बुद्ध' हा शब्द स्वतःच असे धातुसाधित आहे: जागा झालेला. 'तथागत'मधील 'गत' आणि 'सिद्धार्थ'मधील 'सिद्ध' हीदेखील तशीच रूपे. इतकेच काय, 'भूतकाळ' या शब्दातील 'भूत' म्हणजे 'झालेला'. हे लक्षात आले की ज्या शब्दांना तो आजवर केवळ नावे समजत होता, त्यांच्यात त्याला एक पूर्ण झालेली क्रिया दिसू लागते.

याचा अर्थाशी किती निकटचा संबंध आहे, हे सुत्तांच्या प्रारंभीच कळते. बहुतेक सुत्तांच्या सुरुवातीला, पुढील वचन निवेदकाने ऐकलेले आहे, असे सांगणारे एक ठरीव वाक्य येते. परंपरा ते बुद्धांचा शिष्य आनंद याच्या तोंडी मानते. त्या वाक्यात 'अस्सोसिं', म्हणजे 'मी ऐकले' असे कर्त्याला पुढे करणारे क्रियापद नाही. तेथे 'सुत' हे धातुसाधित आहे आणि ऐकणारा 'मे' या इवल्याशा रूपात मागे उभा आहे. या 'मे'चा अर्थ प्रसंगानुसार 'माझ्याकडून', 'मला' किंवा 'माझे' असा होऊ शकतो. इंग्रजी भाषांतरात वाक्य 'मी'पासून सुरू होते आणि साक्षीदार पुढे येतो. मूळ पालीत ऐकलेली गोष्ट पुढे असते आणि साक्षीदार तिच्या आधाराला. मराठी वाचकाला 'मी ऐकले' यातही क्रियापद 'मी'चे नसून ऐकलेल्या गोष्टीचे आहे, हे सहज दाखवता येते. पुरुष असो वा स्त्री, 'ऐकले' बदलत नाही.

'गन्त्वा' आणि 'जाऊन'

पाली गोष्टी सांगते त्या बहुधा लांबलचक वाक्यांत. 'कस्सको खेत्तं गन्त्वा रुक्खं छिन्दित्वा गेहं आगन्त्वा भत्तं भुञ्जि'. शेतकरी शेतात जाऊन, झाड तोडून, घरी येऊन भात जेवला. चार क्रिया झाल्या. पण काळ दाखवणारे रूप एकच, ते शेवटी. 'भुञ्जि'ऐवजी 'भुञ्जति' केले, की साऱ्या क्रिया वर्तमानात येतात आणि 'भुञ्जिस्सति' केले की भविष्यात जातात. इंग्रजी वाचक डावीकडून सुरुवात करतो आणि प्रत्येक क्रियेचा काळ लगोलग जाणून घेऊ इच्छितो. त्याला तो वाक्य संपेपर्यंत मिळत नाही. मराठी वाचकाची सवय उलट असते. 'जाऊन', 'करून', 'ऐकून' अशी मालिका ऐकत शेवटच्या क्रियापदाची वाट पाहणे त्याच्या अंगवळणी पडलेले आहे. मराठीचा 'ऊन' हा महाराष्ट्री प्राकृतातील 'ऊण' या प्रत्ययाचा वारस आहे आणि पालीच्या 'त्वा', 'त्वान' यांच्याशी त्याचे नाते आहे.

पाठ्यपुस्तकांचा क्रम

हा सारा पसारा विद्यार्थ्यासमोर कोणत्या क्रमाने मांडावा, याविषयी पुस्तके लिहिणाऱ्यांत एकवाक्यता नाही. श्रीलंकेतील पेरादेनिया विद्यापीठात अध्यापन केलेल्या लिली डी सिल्वा यांचे प्राथमिक पाली पुस्तक इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासानेच १९९४ साली प्रसिद्ध केले. त्यात ३२ पाठ आहेत. पहिले आठ पाठ मुख्यतः विभक्तींचे. नवव्या पाठात 'गन्त्वा', 'कत्वा' ही रूपे येतात. वर्तमान, भविष्य, विध्यर्थ, आज्ञार्थ झाल्यावर सतराव्या पाठात भूतकाळ येतो आणि एकोणिसाव्यात 'गत', 'कत' ही धातुसाधिते. ए. के. वॉर्डर यांचे १९६३ सालचे, पाली टेक्स्ट सोसायटीने काढलेले पुस्तक चौथ्याच पाठात अज्जतनी भूतकाळ शिकवते आणि सातव्यात धातुसाधित. गेअर आणि करुणातिलक यांचे १९९८ सालचे पुस्तक तर पहिल्या पाठापासून मूळ ग्रंथांतील उतारेच वाचायला देते.

प्रत्येक क्रमामागे एक धोरण आहे. वॉर्डर यांच्या विद्यार्थ्याच्या हाती लवकर खरा मजकूर येतो, पण विभक्ती पक्क्या होण्याआधी त्याला 'अगमासि', 'अहोसि' यांना तोंड द्यावे लागते. डी सिल्वा यांच्या विद्यार्थ्याला धीर धरावा लागतो. तो बराच काळ शेतकरी, कुत्री, झाडे आणि गावे यांविषयीची छोटी वर्तमानकाळी वाक्ये करत राहतो. मात्र 'भुत्तो' येईपर्यंत तृतीया त्याच्या ओळखीची झालेली असते आणि 'मया' कोण, हे त्याला विचारावे लागत नाही.

स्पॅनिशच्या वर्गातील निष्कर्ष येथे कामी येऊ शकतात. प्रत्येक पाठाखाली पालीतून इंग्रजीत आणि इंग्रजीतून पालीत भाषांतराचा सराव देण्याची पद्धत जुनी आहे. त्याच्या जोडीला केवळ ओळखण्याचा सराव देता येईल. 'गच्छति', 'अगमासि', 'गमिस्सति' यांपैकी एक रूप दाखवायचे आणि आज, काल की उद्या एवढेच विचारायचे. पाली कथांत 'भूतपुब्बं', म्हणजे 'पूर्वी एकदा', असा शब्द पुष्कळदा सुरुवातीला येतो. तो झाकून वाक्य वाचायला लावले, की विद्यार्थ्याला प्रत्ययाकडे पाहावेच लागते. तसेच 'मया ओदनो भुत्तो' यासारख्या वाक्यात 'कोणी केले?' आणि 'क्रियापद कोणामागे गेले?' हे दोन प्रश्न वेगवेगळे विचारले, तर भात माणसाला खाण्याचा प्रसंग टळतो.

मराठी विद्यार्थ्याच्या वाटेतले खड्डे

मराठी येते म्हणून पाली आपोआप येते, असा समज करून घेणेही चुकीचे ठरेल. 'त्याने मुलाला पाहिले' या वाक्यात मराठी कर्माला 'ला' लावते आणि क्रियापद नपुंसकलिंगी ठेवते. हा भावे प्रयोग. त्याच वळणाने गेलेला विद्यार्थी 'तेन दारकं दिट्ठं' असे लिहून बसतो. पालीत मात्र 'तेन दारको दिट्ठो' असेच हवे. शिवाय मराठीत 'शिकणे', 'विसरणे', 'पिणे' अशी काही सकर्मक क्रियापदे नियम मोडतात. 'मी धडा शिकलो' म्हणताना क्रियापद कर्त्यामागेच जाते. आणि अज्जतनी भूतकाळात मराठी माणूस उगीचच लिंग शोधत राहतो. 'अगमासि' म्हणजे गेला, गेली की गेले, हे रूप सांगत नाही. ते इंग्रजीभाषकाला मुळीच खटकत नाही. तेथे बाजी त्याची असते.

म्हणजे दोघांच्या चुका वेगळ्या आहेत, आणि त्या प्रत्येकाच्या मातृभाषेतून आलेल्या आहेत. प्रौढ माणूस वर्गात येतो तो आपला भूतकाळ बरोबर घेऊन. शिक्षकाला तो माहीत असेल, तर कोठे थांबायचे आणि कोठे भरभर पुढे जायचे हे त्याला ठरवता येते.

इंग्रजीचा वळसा कशासाठी?

महाराष्ट्रात हा प्रश्न केवळ विदेशी साधकांपुरता नाही. गोव्यात जन्मलेले धर्मानंद कोसंबी (१८७६–१९४७) प्रौढ वयात श्रीलंका आणि ब्रह्मदेशात जाऊन पाली शिकले आणि १९१२ पासून त्यांनी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात ती शिकवली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पाली व्याकरण आणि शब्दकोशाचे काम हाती घेतले होते. ते महाराष्ट्र शासनाने १९९८ साली त्यांच्या लेखन-भाषणांच्या १६ व्या खंडात प्रसिद्ध केले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात झालेल्या धर्मांतरानंतर पाली वंदना आणि सुत्ते महाराष्ट्रातील लाखो घरांत रोज म्हटली जाऊ लागली. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठी, पाली, प्राकृत, आसामी आणि बंगाली या भाषांना अभिजात दर्जा देण्याचा निर्णय एकाच दिवशी घेतला.

तरीही पाठांतर आणि वाचन यांत अंतर राहते. वंदना तोंडपाठ असलेल्या माणसाला त्यातील एखादे क्रियापद आज्ञार्थी आहे की भूतकाळी, हे सांगता येईलच असे नाही. अशा मराठी माणसाने पाली शिकायचे ठरवले आणि त्याच्या हाती इंग्रजीभाषकांसाठी रचलेले पुस्तक आले, तर त्याला एक विचित्र वळसा घ्यावा लागतो. 'मया ओदनो भुत्तो' याचे तो आधी इंग्रजी कर्मणी वाक्य करतो, मग त्याचे मराठीत 'माझ्याकडून भात खाल्ला गेला' असे अवघड भाषांतर करतो आणि पाली अवघड आहे असा निष्कर्ष काढतो. 'मी भात खाल्ला' हे त्याच्या घरातले वाक्य त्याच रचनेचे आहे, हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

इंग्रजीभाषकासाठी लिहिलेले पुस्तक त्याची अडचण ओळखून लिहिलेले असते, हे योग्यच आहे. मराठी विद्यार्थ्यासाठीही तशीच तजवीज हवी. त्याच्या पुस्तकात धातुसाधित भूतकाळ अगोदर यावा, कर्मणी प्रयोगाची शालेय उजळणी करून घ्यावी, 'त्वा'च्या शेजारी 'ऊन' ठेवावे, आणि वेळ राखून ठेवावा तो 'अगमासि', 'अकासि', 'अस्सोसि' यांसारख्या, मराठीने केव्हाच सोडून दिलेल्या रूपांसाठी. जे आपल्याकडे उरले आहे ते ओळखून घ्यायला थोडा वेळ पुरतो. जे हरवले आहे ते मात्र पाठच करावे लागते.